कुटुंब-पाहणी : कार्यकर्त्यांची पूर्वतयारी

कल्याणकारी योजनेचा लाभ खऱ्या गरजूला मिळतो की नाही, हे पुष्कळदा माहिती गोळा करणाऱ्या कार्यकर्त्याच्या लेखणीवर अवलंबून असते. 2011 साली सुरू झालेल्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेचे उदाहरण घेऊ. ग्रामीण कुटुंबाची वंचितता ठरविण्यासाठी तिच्यात सात निकष होते. कच्च्या भिंती व छपराची एकच खोली, 16 ते 59 वयाचा एकही प्रौढ नसणे, 25 वर्षांवरील कोणीही साक्षर नसणे, भूमिहीन असून मोलमजुरीवर पोट भरणे, हे त्यांपैकी काही. याच नोंदींच्या आधारे 2016 पासून ग्रामीण आवास योजनेची घरे आणि 2018 पासून आयुष्मान भारत योजनेचे लाभार्थी ठरले. म्हणजे 2011 साली चुकलेली एक नोंद सात वर्षांनी आजारी माणसाच्या आड येऊ शकते.

म्हणून कार्यकर्त्याला प्रथम ‘कुटुंब’ म्हणजे काय ते नीट शिकविले पाहिजे. एरवी एकत्र राहणारी व एकाच चुलीवरचे जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब, असे जनगणनेत मानतात. एका छपराखाली दोन भावांच्या दोन चुली असतील तर ती दोन कुटुंबे होत. ती एक लिहिली की एका भावाचा हक्क बुडालाच.

दुसरी बाब प्रश्न विचारण्याची. “तुम्हाला शेती नाही ना?” असे विचारणे म्हणजे उत्तर आपणच सुचविणे. “घरात कोणाच्या नावे जमीन आहे का? किती?” असे विचारावे. लाभाचे आश्वासन देऊ नये आणि एका घरची माहिती दुसऱ्या घरी सांगू नये.

तिसरी बाब बंद घराची. ऊसतोडणीला गेलेली कुटुंबे महिनोन्महिने गावात नसतात. शेजाऱ्याला विचारून तक्ता भरू नये; ती केव्हा परततात याची चौकशी करून पुन्हा जावे.

हे सर्व केवळ व्याख्यानाने साधत नाही. दोन प्रशिक्षणार्थींनी एकाच घरचा तक्ता स्वतंत्रपणे भरावा व उत्तरे ताडून पाहावीत, असे आम्ही सुचवितो. जेथे फरक पडेल तेथेच खरे शिक्षण होते. पुढे पर्यवेक्षकाने काही घरी पुन्हा जाऊन पडताळणी करावी.

आपल्या विद्यार्थ्यांनी सुटीत हे काम अवश्य शिकावे. जे घर नोंदीत येत नाही, ते योजनेच्या यादीतही येत नाही.