पुरानंतरची सायकल सफर आणि आठवड्याने येणारा ताप

मुसळधार पाऊस ओसरला की अनेक सायकलस्वार कर्जत-खालापूरच्या रस्त्यांवर येतात. उल्हास आणि पाताळगंगेचे पाणी उतरलेले असते, पण रस्त्यावर चिखल आणि डबकी उरतात. घसरून पडण्याची काळजी सगळेच घेतात. लेप्टोस्पायरोसिसची मात्र फारशी कुणी घेत नाही.

हा आजार होतो कसा?
उंदीर, गुरे आणि कुत्र्यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरा हे जंतू पाण्यात आणि चिखलात मिसळतात. जखमेतून, तसेच डोळे, नाक व तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेतून ते शरीरात शिरतात. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत या आजाराचे रुग्ण खूप वाढले होते.

सायकलस्वाराला धोका का?
पेडल लागून नडगी खरचटते, चाकाचा चिखल तोंडावर आणि पाण्याच्या बाटलीवर उडतो. कॅनडात 2007 साली चिखलातल्या एका सायकल शर्यतीनंतर कॅम्पिलोबॅक्टर या जंतूमुळे अनेक स्पर्धकांना जुलाब झाले होते.

काय कराल?
• मडगार्ड लावा. बाटली झाकणाची घ्या आणि तोंड पुसून मगच प्या.
• खरचटले असल्यास त्यावर पाणी न शिरणारी पट्टी लावा.
• पुलावरून पाणी वाहत असेल तर मागे फिरा. पाणी गुडघ्याखाली दिसले तरी प्रवाह पाय उचलतो.
• घरी आल्यावर साबणाने अंघोळ करा आणि जखमा धुवा. धनुर्वाताचे इंजेक्शन लागेल का, हे डॉक्टरांना विचारा.
• जखम असताना पुराच्या पाण्यातून गेला असाल, तर 72 तासांच्या आत डॉक्टरांना भेटा. गरज वाटल्यास ते डॉक्सिसायक्लिन देतात. हे औषध स्वतःहून घेऊ नका. गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालील मुलांना ते सहसा दिले जात नाही.

ताप आला तर?
लक्षणे बहुधा 5 ते 14 दिवसांनी दिसतात, कधी महिन्यानेही. तोवर सफर विसरलेली असते. थंडी वाजून ताप, डोकेदुखी, लाल डोळे आणि पोटऱ्या दुखणे ही मुख्य लक्षणे. पोटऱ्यांचे दुखणे सायकलमुळे असेल असे समजून बरेच जण थांबतात, आणि तिथेच उशीर होतो. तापात आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका, मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. डोळे पिवळे होणे, लघवी कमी होणे किंवा धाप लागणे दिसताच थेट रुग्णालय गाठा.

डॉक्टरांकडे गेल्यावर पहिले वाक्य हे असू द्या: "मी अमुक दिवशी पुराच्या पाण्यातून सायकल चालवली होती." तपासणीची दिशा त्यावरून ठरते, आणि वेळेत औषध सुरू झाले तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात.