नळी आखूड, पल्ला आखूड?
धर्माबादेत १७ सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या निमित्ताने रझाकारांच्या काळातल्या बंदुकांचा विषय निघाला, की एक वाक्य हमखास कानी येतं: नळी जितकी लांब, तितका नेम पक्का. या समजाला पहिला छेद देते ती पुढे अनेक वर्षं पोलिसांच्या खांद्यावर दिसलेली थ्री-नॉट-थ्रीच. मूळ ली-एनफील्डची सुमारे ३० इंचांची नळी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला २५ इंचांवर आणून ती घडवली गेली. नेमबाजी गेलीच म्हणून ब्रिटनमध्ये तेव्हा ओरड झाली. पण ब्रिटिश सैन्य दोन्ही महायुद्धं याच घराण्यातल्या आखूड रायफलींवर लढलं. गोळी स्थिर राहते ती नळीतल्या पिळामुळे मिळणाऱ्या गिरकीने. लांबी देते तो वेग. ५.५६ मिलिमीटरची गोळी २० इंची नळीतून सेकंदाला साधारण ९४० मीटर वेगाने सुटते, १० इंचीतून ८००च्या आसपास. शंभर मीटरवर हा फरक जाणवतही नाही. तीनशेच्या पुढे मात्र मंद गोळी जास्त खाली येते, वाऱ्याने जास्त ढळते, आणि मुळात हलकी असल्याने वेग घटला की तिचा मारही उणावतो.

यावर ली-एनफील्डच्याच १९४४च्या ‘जंगल कार्बाइन’चा उलट दाखला देता येईल. जेमतेम १९ इंचांची नळी, आणि नेम सरकतो ही सैनिकांची तक्रार. तक्रार खरी, पण दोष सहसा दिला जातो तो वजन घटवण्यासाठी कोरून काढलेल्या धातूला. माशी आणि खाच जवळ आल्याने डोळ्याची चूक वाढते, हेही मान्य. दुर्बिणीची साइट लावली की तो प्रश्न मिटतो. याउलट कार्बाइन म्हटलं की सगळ्या सारख्याच, हा समजही तितकाच चुकीचा. जुनी स्टर्लिंग कार्बाइन पिस्तुलाची ९ मिलिमीटरची गोळी झाडते. पुण्याच्या एआरडीई या शस्त्र संशोधन संस्थेची जेव्हीपीसी कार्बाइन ५.५६ची आखूड काडतुसं वापरते आणि तिचा परिणामकारक पल्ला २०० मीटर धरला जातो. म्हणून आधी काडतूस पाहावं, मग नळी.

सामान्य नागरिकाला अर्थात अशी निवडच नाही. परवान्यावर रायफल मिळते ती सहसा .३१५ची, आणि परवानगीविना नळी आखूड करणं १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार गुन्हा आहे. लांब नळी म्हणजे पक्का नेम, या गैरसमजाचं मूळ मला करवतीने कापलेल्या बंदुकांत दिसतं. त्यांत माशी जाते, नळीचं तोंड वाकडंतिकडं होतं, गोळी बाहेर पडतानाच वायूचा झोत तिला एका बाजूने ढकलतो, आणि बोल मात्र लागतो लांबीला.