कागदी कोनाची शंभरी

चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या जनरल इलेक्ट्रिकच्या दोघा अभियंत्यांनी हलत्या कॉइलच्या लाउडस्पीकरवरचा निबंध १९२५ साली मांडला. चुंबकाच्या फटीत तारेची कॉइल आणि तिला चिकटवलेला कागदी कोन, एवढंच. शंभर वर्षं उलटून गेली तरी घरोघरच्या बहुतेक स्पीकरच्या पोटात आजही तीच रचना आहे. दुकानात मात्र शंभरीच्या या दिवसांत काय दिसतं? लाकडाच्या नक्षीचा कागद डकवलेला, पितळी रंगाच्या बटणांचा ‘रेट्रो’ ब्लूटूथ खोका. मागचं झाकण कायमचं चिकटवलेलं. बॅटरी गेली की भंगारात. जुन्या स्पीकरचं रूप उचललं आणि उघडून दुरुस्त करता येण्याचा त्याचा खरा गुण तेवढा टाकून दिला.

मधली वर्षं भराभर ओलांडायला हरकत नाही. विजेवरच्या फील्ड कॉइलची जागा अल्निको चुंबकाने घेतली. अ‍ॅकॉस्टिक रिसर्चच्या एआर-१ ने १९५४ मध्ये हवाबंद छोट्या पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला. त्याची किंमत अ‍ॅम्प्लिफायरने मोजली. बीबीसीचा छोटा मॉनिटर एलएस३/५ए एका वॅटला जेमतेम ८३ डेसिबल देतो, तर जुना मोठा कागदी कोन ९५ पर्यंत पोहोचतो. फरक १२ डेसिबलचा, म्हणजे तेवढ्याच आवाजासाठी १६ पट वॅट. व्हॉल्व्हचा पाच वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर दिवाणखाना कसा भरून टाकायचा, त्याचं उत्तर या हिशेबात आहे.

रेंगाळायचं ते ऐंशीच्या दशकात. परदेशी हाय-फाय जकातीमुळे आवाक्याबाहेर होतं, म्हणून मुंबईतला हौशी माणूस लॅमिंग्टन रोड गाठायचा. वूफर एका दुकानातून, ट्विटर दुसऱ्यातून, क्रॉसओव्हरची कॉइल गुंडाळून घ्यायची तिसरीकडे. मग ओळखीचा सुतार. प्लाय जाड हवा, आतून आडव्या पट्ट्या हव्यात, सांध्यातून वारा फुसकता कामा नये, हे त्याला शेजारी उभं राहून सांगावं लागे. वूफरला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून कोन बाहेर येतो की आत जातो ते बघायचं, बाहेर आला तर सेलचं धन टोक जिथे लागलं ते स्पीकरचं धन टोक. त्या पेट्यांमध्ये दोष पुष्कळ होते, पण बनवणाऱ्याला त्यांचा स्क्रू न् स्क्रू माहीत असे.

याच सुमाराच्या काळाने घातही केला. झाईरच्या शाबा प्रांतात १९७८ मध्ये लढाई पेटली, तिथून येणाऱ्या, अल्निकोत लागणाऱ्या कोबाल्टचे भाव भडकले आणि स्पीकरवाले अल्निको सोडून फेराइटकडे वळले. ती मजबुरी होती, ती समजून घेता येते. फोमचं समजून घेता येत नाही. कोनाच्या कडेला कापडी किंवा कागदाच्याच घड्यांऐवजी पॉलियुरेथेन फोमची मऊ कड आली. दमट हवेत ती दहा-वीस वर्षांत काळी, चिकट होऊन बोटाला लागते नि गळून पडते. मुंबईच्या पावसाळ्यात तर काय उरणार! त्याहून वाईट ‘पीएमपीओ’. प्रत्यक्षात काही मोजके वॅट देणाऱ्या खोक्यावर हजाराचा आकडा छापायची मुभा या एका संज्ञेने दिली. गिऱ्हाईक कानाऐवजी आकड्याने खरेदी करू लागलं आणि सुतारासमोर उभा राहणारा माणूस दुकानातून परस्पर घरी जाऊ लागला.

फोम बदलता येतो. जुनी कड आणि वाळलेला गोंद खरवडून काढायचा, मधली टोपी अलगद कापायची, कॉइल आणि चुंबकाच्या मधल्या दांड्यामध्ये फिल्मच्या बारीक पट्ट्या खोचून कॉइल बरोबर मध्यावर धरायची, मगच नवी कड चिकटवायची. गोंद सुकल्यावर पट्ट्या काढून तीसेक हर्ट्झचा हलका सूर सोडायचा. खरखर आली तर कॉइल घासते आहे, पुन्हा सुरुवात. हे काम घाईने, कोनाचं वजन किंवा कडेचा ताठपणा न जुळवता केलं, की स्पीकर वाजतो खरा, पण त्याचा खर्ज परका होतो.

अलीकडे जुन्याची हौस परतली आहे. जेबीएलने १९७० चा एल१०० नव्या रूपात २०१८ मध्ये आणला, व्हार्फडेलनेही लिंटनला पुन्हा उभं केलं. ही चांगली कामं आहेत. सल वेगळाच आहे. चोरबाजारातून रेडिओग्राम उचलायचा, आतले व्हॉल्व्ह आणि स्पीकर सुटे विकायचे आणि उरलेल्या सागवानी कॅबिनेटचा बार करायचा, असा धंदा राजरोस चालतो. ते कॅबिनेट त्या स्पीकरचं अर्धं अंग असतं. मागची जाळी, आतली मोकळी जागा, समोरच्या कापडाची वीण, सगळं धरून त्याचा स्वर ठरलेला. सुटा काढलेला तो स्पीकर कुठल्याही फळीवर ठोकला की पातळ, किनरा वाजतो. मग घेणारा म्हणतो, जुन्यात काही राम नव्हता.