रिकाम्या तरणतलावात उतरणाऱ्यांची छाती

उन्हाळी सुट्टी लागली की दवाखान्यात एक ठरलेली तक्रार येते. मुलगा पोहायला जातो आणि तळपाय, गुडघे खरचटून घरी येतो. आई म्हणते, "पाण्यातच तर असतो, मग खरचटतं कुठे?" खरचटतं ते तळाला आणि भिंतीला. आपल्याकडच्या बहुतेक तलावांना आतून सिरॅमिक किंवा काचेच्या छोट्या टाइल्स असतात, काहींना व्हाइट सिमेंट आणि संगमरवरी भुकटीचं प्लास्टर. टाइलचा कोपरा उडाला की तो ब्लेडसारखा लागतो. प्लास्टर झिजलं की सॅंडपेपर होतो.

हे झिजणं पाण्यामुळेच होतं. पाण्याचा पीएच ७.२ ते ७.६च्या आसपास राहावा लागतो. तो खाली गेला, किंवा पाण्यात कॅल्शियम फार कमी असलं, तर ते पाणी आपली भूक सिमेंटमधला चुना विरघळवून भागवतं. टाइलमधलं ग्राउट पोकळ होतं, प्लास्टरला बारीक खड्डे पडतात. त्या खड्ड्यांत शेवाळ धरतं आणि तिथवर क्लोरीन नीट पोहोचत नाही. उलट पीएच चढला तर भिंतीवर पांढरी खरखरीत पुटं चढतात आणि क्लोरीनचा जोरही कमी होतो. म्हणून तलावावर पीएच आणि क्लोरीनचे रोजचे आकडे फळ्यावर लिहिलेले असावेत. नसतील तर पालकांनी विचारावेत. विचारायला पैसे पडत नाहीत.

पण आज मला लिहायचंय ते पोहणाऱ्यांबद्दल कमी, आणि तलाव रिकामा झाल्यावर त्यात उतरणाऱ्यांबद्दल जास्त. त्यांतले कितीतरी आपल्याच वस्तीतले आहेत.

पस्तिशीचा एक माणूस खोकला घेऊन आला होता. जिना चढताना दम लागायचा. आधी दोन ठिकाणी जाऊन आला होता, औषधं झाली होती. "काय काम करता?" हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. तो म्हणाला, "चिपिंग करतो. तलावाच्या जुन्या टाइल्स ब्रेकरनं काढायच्या, मग ग्राइंडरनं घासायचं." तोंडाला काय बांधता? त्यानं गळ्यातला रुमाल दाखवला.

रुमालानं काहीच अडत नाही. टाइल आणि त्याखालचं काँक्रीट यांत सिलिका असते. मशीन चाललं की तिचे इतके बारीक कण उडतात की डोळ्यांना दिसत नाहीत, आणि तेच फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. तिथे व्रण होऊन फुप्फुस कडक होत जातं. हा सिलिकोसिस. त्यावर बरं करणारं औषध नाही, आणि काम सोडल्यावरही तो वाढू शकतो. अशा माणसाला क्षयरोग होण्याचा धोकाही जास्त. एक्स-रेत दोन्ही सारखे दिसू शकतात, म्हणून डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपलं काम त्यांना सांगा. थुंकीची तपासणीही करून घ्या.

तलाव म्हणजे खड्डा. उघड्यावर धूळ उडून जाते, खड्ड्यात ती फिरत राहते. यावर उपाय साधा आहे: पाणी. घासताना सतत पाण्याची धार हवी. मात्र ओल्या तळात विजेचं मशीन चालवायचं तर लाइनवर ईएलसीबी असलाच पाहिजे, नाहीतर फुप्फुस वाचवायला जाऊन शॉक लागायचा. तोंडावर नाकाला घट्ट बसणारा एन-९५ मास्क हवा. दाढीवर तो बसत नाही, हेही खरं.

दुसरा धोका अॅसिडचा. डाग आणि पुटं काढायला भिंतीवर अॅसिड मारतात. तळाला ब्लीचिंग पावडर उरलेली असेल आणि त्यावर अॅसिड ओघळलं तर क्लोरीन वायू निघतो. तो हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड, त्यामुळे खोल बाजूला साचतो, म्हणजे जिथे माणूस वाकून घासत असतो तिथेच. डोळे झोंबले, घसा आवळला, की ब्रश टाकून वर या. आत कुणी पडला असेल तर घाईनं खाली उडी मारू नका, दुसराही पडतो. अग्निशमन दलाला १०१ वर कळवा. वर आल्यावर बरं वाटलं तरी रुग्णालयात जा, कारण फुप्फुसात पाणी भरायला काही तास लागू शकतात. अॅसिड पातळ करताना अॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अॅसिडमध्ये कधीच नाही. डोळ्यात उडालं तर निदान १५ मिनिटं साध्या पाण्यानं धुवा. रिकाम्या तलावात एकट्यानं उतरू नका.

हे सामान कामगारानं आणायचं नसतं, ते ठेकेदारानं द्यायचं असतं. मुकादम म्हणेल, "एका दिवसाचं तर काम आहे." माझ्या त्या रुग्णाचे असे एकेक दिवस करून अकरा वर्षं झाली होती.

त्याची इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीही नव्हती. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला, एवढ्यावर ती होते. ठेकेदार दाखला देईना, म्हणून मी त्याला महापालिकेच्या कार्यालयात पाठवलं. निघताना त्यानं विचारलं, "डॉक्टर, माझा धाकटा भाऊ पण याच कामाला येतो. त्याचा फोटो काढू का?" मी म्हटलं, उद्याच घेऊन ये.