आधी परवाना, मग पिस्तूल

जुन्या वस्तू जमवणाऱ्याला इंग्रजीत ‘कलेक्टर’ म्हणतात. पण त्याला जुने पिस्तूल हवे असेल, तर आधी खऱ्या कलेक्टरसाहेबांकडे जावे लागते. कोल्हापुरात शस्त्रपरवाना देणारे अधिकारी तेच.

बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटचे, तळहातावर मावणारे पॉइंट २५ बोअरचे पिस्तूल घ्या. शंभरी गाठली तरी कायदा त्याला म्हातारे मानत नाही! १९५९च्या शस्त्र कायद्यातली सूट नुसत्या वयाला नाही. दुरुस्त करूनही गोळी झाडू शकणार नाही अशा जुनाट शस्त्रालाच आहे. म्हणून आधी आपला परवाना, मग विकणाऱ्याचा परवाना आणि पिस्तुलावरचा क्रमांक ताडून पाहणे, त्यानंतर पैसे आणि शेवटी परवान्यावर नोंद. २०१९च्या दुरुस्तीनंतर सामान्य नागरिकाला दोनच शस्त्रे ठेवता येतात. वारशाने आलेलेही त्यात मोजतात.

आठवणींची किंमत कवीला कळते. तरीही सांगतो, आजोबांची आठवण म्हणून ट्रंकेत ठेवलेले विनापरवाना पिस्तूल नातवाला किमान दोन वर्षे तुरुंगात धाडू शकते. परवानाधारक गेला, की शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे आणि मग वारसाने अर्ज करावा.

नुसते पाहायचे असेल, तर न्यू पॅलेसचे म्युझियम आहेच. तिथली शस्त्रे पाहायला तिकीट पुरते!

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)