गाडीचं पॉलिश घरात: कुठे चालेल, कुठे नाही

भिलाईच्या पोलाद कारखान्यात १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली. तिथल्या वसाहतीच्या सेक्टरमधल्या घरांना तेव्हापासून धूळ नवी नाही. धुतलेल्या खिडकीवर बोट फिरवून खरखर लागली, तर गाडीसाठी मिळणारा क्ले बार वापरून पाहा. काच साबणाच्या पाण्याने ओली ठेवा आणि क्ले हलक्या हाताने सरळ रेषेत फिरवा. रुतलेले कण त्याला चिकटून निघतात. जमिनीवर पडलेला तुकडा मात्र टाकूनच द्या, त्यात अडकलेला खडा काचेवर ओरखडे पाडतो.

गाडीचं मेण नळावर, न्हाणीघराच्या काचेवर उत्तम. पाणी ओघळून जातं आणि क्षारांचे पांढरे डाग कमी पडतात.

संगमरवराला चाकं साफ करायचं आम्लयुक्त द्रावण कधीही लावू नका. दगडातलं कॅल्शियम कार्बोनेट विरघळतं आणि गेलेली झिलई नुसती पुसून परत येत नाही. टायरचं सिलिकॉन पॉलिश फरशीवर नको, ती निसरडी होते; घरात म्हातारं माणूस असेल तर मुळीच नको. पोळपाट, चिरायची फळी, ताट-वाट्या यांच्याजवळ यातलं काहीच नेऊ नका.

मायक्रोफायबरची फडकी वेगळी धुवा, फॅब्रिक सॉफ्टनर न घालता.