फोटो काढा आणि तिथेच लिहा : ऑटोग्राफिक कोडॅक कॅमेरा

घरातला जुना अल्बम उघडला की एक प्रश्न हमखास येतो. "हे कोण? फोटो कुठला?" सांगणारं माणूसच हयात नसेल, तर उत्तर कायमचं हरवतं. हा प्रश्न सोडवणारा एक कॅमेरा शंभर वर्षांपूर्वी बाजारात आला होता. आज तो फारसा कुणाला माहीत नाही.

कोणी बनवला?
हेन्री गेझमन या अमेरिकन संशोधकाची ही कल्पना. कोडॅक कंपनीने 3 लाख डॉलर देऊन तिचे हक्क घेतले आणि 1914 मध्ये 'ऑटोग्राफिक' कॅमेरे आणले. त्यातला खिशात मावणारा 'व्हेस्ट पॉकेट' पहिल्या महायुद्धात 'सैनिकाचा कॅमेरा' म्हणून खपला.

वेगळेपण काय?
कॅमेऱ्याच्या पाठीमागे एक छोटी झडप आणि सोबत धातूची बारीक लेखणी. फोटो काढला, की झडप उघडून तारीख, गाव, नाव लिहायचं. मग झडप काही सेकंद आकाशाकडे उघडी धरायची आणि बंद करायची. झालं!

अक्षरं कशी उमटत?
या खास फिल्मच्या मागे पातळ लाल कागद असे आणि दोघांच्या मध्ये कार्बनचा कागद. लेखणीच्या दाबाने त्या जागचा कार्बन हटे आणि तिथून प्रकाश फिल्मपर्यंत पोहोचे. फिल्म धुतली, की दोन फोटोंमधल्या पट्टीत हस्ताक्षर दिसे. म्हणजे शाई नाहीच, लिहिण्याचं काम प्रकाशच करतो!
पुढे 1930 च्या दशकात ही फिल्म बंद झाली.

वर्गात काय करता येईल?
1. कार्बन पेपरवर रिकाम्या रिफिलने दाबून लिहायला सांगा. मग तो उजेडासमोर धरा. अक्षरांतून प्रकाश येताना मुलांना स्वतः दिसेल.
2. प्रत्येकाने घरातला एक जुना फोटो निवडावा, आजी-आजोबांना विचारून त्यातल्या माणसांची नावं, गाव, साल वहीत लिहावं. फोटोच्या मागे लिहायचं असेल तर मऊ पेन्सिलने, अगदी हलक्या हाताने.

आपला मोबाईल तारीख आपोआप जपतो. पण फोटोतली बाई आपली कोण, त्या दिवशी सगळे का जमले होते, हे तो सांगत नाही. ते आपणच लिहून ठेवायला हवं, आणि सांगणारी माणसं आहेत तोवरच.